तुमचा डबा गारच राहिला

सिस्टर, लसी चांगल्या आहेत. तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतं, म्हणून आधी हेच सांगतो. एकेक कुपी मी स्वतः डोळ्यांपुढं धरून पाहिली. लस तापली की कुपीवरचा पांढरा चौकोन काळवंडत जातो, हे तुम्ही आशाताईंना जितक्या वेळा सांगितलं असेल तितक्या वेळा मीही ऐकलेलं आहे. एकही चौकोन काळवंडलेला नव्हता. डब्यातला बर्फसुद्धा पुरता वितळला नव्हता. टेम्पोतून तुम्हाला उतरवून घेतलं तेव्हा तो निळा डबा तुमच्या शेजारीच होता, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. आणि तुम्ही गोधडीत होता.

तुमच्या गावी, चुडाव्याला, दहाव्याला मी आलो होतो. मागच्या बाजूला उभा राहिलो आणि जेवायला न थांबता परतलो. त्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात शोकसभा झाली. सगळे तुम्हाला सेवाभावी, मनमिळाऊ वगैरे म्हणाले. मनमिळाऊ! मला हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली. तुम्ही मनमिळाऊ असता तर आपलं केंद्र अजून भट्टीसारखं तापत राहिलं असतं. मला बोलायला सांगितलं, तर मी मान हलवून नको म्हटलं. मी या केंद्राचा डॉक्टर, म्हणजे कागदावर तुमचा साहेब. प्रत्यक्षात कोण कुणाचा साहेब होतं ते व्हरांड्यात झोपणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

मी परभणी शहरात वाढलेला. ऊन मला नवं नव्हतं, पण उन्हात बाळंत होणारी बाई मी पहिल्यांदा इथंच पाहिली. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात प्रसूतीच्या खोलीचा स्लॅब इतका तापायचा की भिंतीला टेकलं तर पाठ चटकायची. तेव्हा एका नवजात लेकराचं अंग तापलं म्हणून मी घाईघाईनं तपासण्या लिहायला घेतल्या. तुम्ही लेकरू उचललं, व्हरांड्यात निंबाच्या सावलीत आणलं, अंगावरची दुपटी सोडली आणि ओल्या फडक्यानं हळूहळू पुसत बसलात. थोड्या वेळानं ते दूध ओढायला लागलं.

"लेकराला कायबी झालं न्हाई, सर. जे झालंय ते खोलीला झालंय," तुम्ही म्हणालात.

मग आपलं पहिलं भांडण. मी प्रसूतीच्या खोलीसाठी एसीची मागणी टाकली, आणि तुम्ही ती माझ्याच टेबलावर अडवून धरलीत. "एशी कशावर चालतो, सर? लाईटीवर. अन् आपली लाईट कवा जाती? ऊन चढलं की. मग त्या एशीची काय आरती करायची?" मी म्हणालो, जनरेटर आहे. तुम्ही खिडकीतून बोट दाखवलंत. जनरेटरचा धूर नेमका वॉर्डात यायचा आणि वॉर्डात दम्याची म्हातारी खोकत होती. त्याच खिडकीतून मागचा खड्डाही दिसायचा, जिथं सलाईनच्या बाटल्या आणि हातमोजे सर्रास पेटवले जायचे. "हिला दम्याचं औषध द्यायचं अन् मागून प्लास्टिकचा धूर सोडायचा. असला दवाखाना हाय आपला." तो खड्डा बंद करायला तुम्हाला माझ्या सहीपेक्षा तुमचा आवाज जास्त उपयोगी पडला.

तुमचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही, हे इथं नोंदवून ठेवतो, नाहीतर वर बसून फुगाल. छताला चुना लावायचा बेत तुमचा. छत पांढरं झालं की ऊन परतून जातं, खोली तापत नाही, हे खरं. पण चुन्यात डिंक घालायला हवा असं मी म्हणालो तर तुम्ही म्हणालात, डॉक्टरनं गवंड्याचं काम सांगू नये. वळवाच्या एका सरीत सगळा चुना खाली वाहून आला आणि ओपीडीच्या रांगेतली माणसं भुताखेतांसारखी पांढरी झाली. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी डिंक आणलात. कोणाच्या सांगण्यावरून आणला, ते मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही.

हळूहळू ती खोली खरंच गार झाली. पश्चिमेच्या भिंतीशी तुम्ही लावलेले निंब छपराच्या वर गेले. नातेवाइकांनी हात धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायचं, नाही घातलं तर सिस्टर बोलते, हा तुमचा कायदा अजून चालू आहे. छतावर सोलरच्या प्लेटा आल्या आणि लसीचा फ्रिज नि खोलीतले पंखे त्यावर चालायला लागले. ज्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी केंद्रात शिरलं, त्याच्या आधीच तुम्ही फ्रिजखाली ओटा बांधून घेतला होता, म्हणून फ्रिज वाचला. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, तुम्ही दवाखाना चालवता की युद्धाची तयारी करता?" तुम्ही म्हणालात, "दिस वंगाळ येणार हायेत, सर. त्या दिवशी दवाखाना आधी आडवा झाला तर माणसं कुठं जायाची?"

खोली गार झाली आणि तिच्यात निजायला कुणी तयार होईना.

हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मे महिन्यात बाळंत झालेली बाई पंख्याखाली ठेवायची म्हटलं की सासवा, आया खाट उचलायलाच निघायच्या. बाळंतिणीला वारं लागतं, अंगात वात शिरतो. तिला बंद खोलीत ठेवायचं, खाटेखाली शेगडी ठेवायची, कानाला फडकं बांधायचं. बाहेर ऊन असो की वणवा. शेगडी नाही म्हणजे दवाखान्याला बाळंतिणीची काळजी नाही. तुम्ही समजावून थकलात आणि मग चिडायला लागलात.

तेव्हा ती युक्ती मी काढली. खाटेखाली शेगडी ठेवायची, पण विझलेली. वर राखेचा थर, त्यात एखादा निखारा, त्यावर चिमूटभर ओवा नि बाळंतशेपा. खोलीत वास दरवळायचा, म्हाताऱ्या समाधानानं बसायच्या, पंखा हळू फिरायचा आणि बाळ-बाळंतीण गार राहायची. मी माझ्यावरच खूश होतो. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

"तुमी फसवायलाव सर त्येंना," तिसऱ्या दिवशी म्हणालात.

"बाई वाचली ना?"

"हितं वाचली. उद्या ती घरी जाईल. तिथली शेगडी कोण इझवणार? तुमी जाणार?"

"आधी इथं तर वाचू दे, सिस्टर. घरी गेल्यावर बघू."

"घरीच तर माणसं मरतेत," तुम्ही म्हणालात, "दवाखान्यात आपुन नुसतं सह्या करतो."

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. विझलेली शेगडी चालू राहिली, कारण तिनं काम व्हायचं. आणि तुम्ही प्रत्येक बाळंतिणीला घरी सोडताना दाराशी थांबवून, सासूसमोर, ठणकावून सांगायचा की खाटेखालची शेगडी विझलेली होती, डॉक्टरनं तुम्हाला फसवलं आणि तरी तुमच्या सुनेला काही झालं नाही, तेव्हा घरीही पेटवू नका. म्हणजे माझी युक्ती तुम्ही वापरायचा आणि मलाच तोंडघशी पाडायचा. काही सासवा रागावून जायच्या. काही गप्प होऊन जायच्या. कुणाच्या घरी काय झालं, ते आपल्याला कळलं नाही.

आता त्या दुपारबद्दल.

ऊस तोडायला गेलेल्या टोळ्या परत आल्या होत्या. राणीसावरगावच्या पलीकडं माळावर त्यांची वस्ती. सहा महिने कारखान्यावर राहिलेली लेकरं, कुणाचा एक डोस चुकलेला, कुणाचे दोन. तुम्हाला त्यांच्या मागं लगेच जायचं होतं, कारण पुन्हा कामाला कधी कुठं जातील याचा नेम नव्हता. मी म्हणालो, सकाळी लवकर जा नि ऊन चढायच्या आत परत या. तुम्ही म्हणालात, सकाळी टँकर येतो. टँकर आला की कुठली आई रांग सोडून लसीला येईल? पाणी भरून झालं की मगच बाया रिकाम्या होतात, म्हणजे भर दुपारी.

पुढचं मला गयाबाईनं सांगितलं. तुम्ही तिला ओळखता, वस्तीवरची सगळ्यात म्हातारी, तुमच्याशी हुज्जत घालणारी. शेवटच्या लेकराला टोचून झालं. आशाताई पुढच्या वस्तीवर बाया गोळा करायला निघून गेल्या होत्या. तुम्ही डबा बंद केलात, उठलात आणि परत बसलात. काहीतरी असंबद्ध बोलायला लागलात. गयाबाईला तुम्ही आई म्हणून हाक मारलीत. अंगाला हात लावला तर तवा. आणि घाम म्हणून नाही. मग अंग थरथरायला लागलं.

बायांनी ओळखलं, शिस्टरला ताप भरलाय. थंडी वाजायलीय. त्यांनी तुम्हाला उचलून पत्र्याच्या खोलीत नेलं, वारं लागू नये म्हणून दार ओढून घेतलं आणि घरातली सगळ्यात चांगली गोधडी तुमच्यावर घातली. मग आणखी एक. घाम फुटला की ताप उतरतो म्हणून त्या तुमचे पाय चोळत घामाची वाट बघत बसल्या. एक जण माळ उतरून सडकेला गाडी शोधायला पळाली, कारण वर फोनला रेंज नाही. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. शेवटी कांद्याचा टेम्पो मिळाला.

आणि डबा बाहेर निंबाखाली होता. गयाबाईची सून त्याच्यापाशी बसून होती. सावली सरकली की डबा सरकवायची. गोणपाट वाळलं की सकाळी रांगेत उभं राहून भरलेल्या घागरीतलं पाणी त्यावर ओतायची. तुम्हीच शिकवलं होतं ते. तुमच्या ओठांना त्यांनी तांब्याभर पाणी लावलं, सिस्टर, आणि डब्यावर घागर रिकामी केली. त्यांनी तुम्हाला कमी लेखलं म्हणून नाही. तुम्हीच त्यांना सांगितलं होतं की या डब्यात गावातल्या सगळ्या लेकरांचा जीव आहे.

इथं खोली तयार होती. लाईट गेलेली होती आणि पंखे फिरत होते. एसीच्या भांडणात तुम्ही जिंकलात. जिंकून काय मिळवलंत? मी गोधड्या फेकल्या, ओल्या चादरी घातल्या, तुमच्याच डब्यातला बर्फ तुमच्या काखेत ठेवला. तोच बर्फ, जो वाटभर तुमच्या हातापाशी होता. खोलीनं तिचं काम केलं. मी माझं केलं. तुम्ही आमच्या हातात पोचलात तेव्हा करण्यासारखं फार उरलंच नव्हतं.

मी तुमच्यावर रागावलो आहे. हे शोकसभेत बोलता येत नाही, म्हणून इथं बोलतो. दवाखाना आडवा होऊ नये म्हणून तुम्ही भिंती, छत, झाडं, फ्रिज, सगळ्याचा विचार केलात. त्यात स्वतःला कुठं मोजलं नाहीत. टोपी नाही, ओलं फडकं नाही, डब्यात बर्फ असताना मानेला लावायला एक तुकडा नाही. ऊन आता पूर्वीचं राहिलेलं नाही, हे मला सांगणाऱ्या तुम्हीच होता.

दहाव्यानंतर गयाबाई आली. ओपीडी संपेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. मी बाहेर आलो तर उठली नाही.

"सायेब, खरं सांगा. शिस्टर आमच्या गोधडीनं गेली का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नाही आजी, त्यांचं आयुष्य तेवढंच होतं. एवढं म्हटलं असतं तर ती रडली असती, चहा प्यायली असती आणि घरी गेली असती. माझी सगळी डॉक्टरकी असल्याच वाक्यांवर चालते, हे तुम्ही मला कितीदा ऐकवलंत. मी तोंड उघडलं आणि मला खाटेखालची ती विझलेली शेगडी दिसली. उद्या ती घरी जाईल, मग तिथली कोण विझवणार?

"हो," मी म्हणालो. "ऊन लागलं होतं. ताप नव्हता तो. उघड्यावर सावलीत ठेवून पाणी ओतलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या. गोधडीनं आणि बंद दारानं आग आतच कोंडली."



"अन् डब्यात बरफ व्हता."

"हो. होता."

"आमी हात लावला न्हाई, सायेब. शिस्टर म्हणायची, मी मेले तरी डबा उघडायचा न्हाई."

तुमचं ते वाक्य मीही ऐकलेलं आहे. सगळ्या आशाताई, सगळ्या वस्त्या, सगळ्यांना तुम्ही तेच दरडावायचा, आणि सगळ्या हसायच्या. गयाबाई उठली. मी चहा मागवला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर त्या वस्तीवरून कुणी आलंच नाही. मलमपट्टीलाही नाही. मी तुमच्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, घ्या, हे तुमचं खरं. एका म्हातारीच्या जन्माला ओझं बांधलं आणि एक वस्ती दवाखान्याला मुकली. रागात मी खाटेखालची शेगडीही उचलून अडगळीत टाकली. मग एक बाळंतीण आली, तिची आई भांडायला लागली, तेव्हा पुन्हा काढून आणली. तुमच्याइतकी हिंमत माझ्यात नाही, सिस्टर.

परवा दुपारी टेम्पो आला. आधी मला पाणी दिसलं. फाळक्यातून पाण्याची धार रस्त्यावर गळत होती. आत वस्तीवरचा एक माणूस आडवा, विहिरीच्या कामावर दगड वाहताना कोसळलेला. अंगावर निथळणारी गोधडी, तोंड नि छाती उघडी. दोन्ही बाजूंनी बाया सुपानं वारा घालत होत्या. गयाबाई त्याच्या डोक्याशी घागर धरून बसली होती. गोधडी मी ओळखली, तुमच्या अंगावर होती तीच. तिचा हिरवा काठ मी विसरणार नव्हतो.

खोलीत घेतलं. पंखे, ओल्या चादरी, सलाईन. गोधडी फार जाड, असं काम पातळ कापडानं करायचं असतं, हे तुम्ही तिथल्या तिथं म्हणाला असता. मी म्हणालो नाही. दिवस कलला तेव्हा त्यानं डोळे उघडून पाणी मागितलं. काल तो चालत घरी गेला.

गयाबाई दाराशी उभी होती. माझ्याकडं न बघता बोलली, "डब्यावर टाकत व्हतो तसं टाकलं. शिस्टरनं डब्याचं शिकवलं व्हतं. माणसाचं कुणी इचारलंच न्हाई तिला."

"गोधडी घेऊन जा, आजी."

"र्‍हाऊ द्या हितंच. घरात तिच्याकडं बघवत न्हाई."

गोधडी आता गार खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीत टांगली आहे. दुपारी तिच्यावर पाणी मारतो. तुमचं आणि माझं भांडण एवढ्यानं मिटलं असं समजू नका. सगळ्यांना खरं सांगणाऱ्या तुम्हाला, डब्याआधी माणूस, हे मीही कधी सांगितलं नाही, एवढंच माझ्या लक्षात राहिलं आहे, आणि ते मला छळतं.

पुढच्या वस्तीवरची लेकरं राहिली आहेत. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, म्हणून उद्या मीच जाणार आहे, तुमचाच निळा डबा घेऊन. टँकर येऊन गेल्यावर, भर दुपारी, कारण दुसरी वेळ नाही. टोचायला बसण्याआधी सगळ्या बायांना समोर बसवून मी तुमचं वाक्य मोडणार आहे. मी पडलो तर आधी डबा उघडायचा, असं सांगणार आहे. लस पुन्हा मागवता येते, सिस्टर.